झाकपाक

तळेगावात उन्हाळा सरत आला हे कॅलेंडरवरून कळत नाही, ताडपत्रीवरून कळतं. वळवाची एक सर येऊन जाते, धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी स्टेशन भागातल्या दुकानांपुढे निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या उभ्या राहतात. भोवती गावातली जाणती माणसं. कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळायचा, उजेडाकडे धरायचा, मग दुकानदाराकडे संशयानं पाहायचं. "किती जीएसएम?" हा प्रश्न आमच्याकडे शाळकरी पोरंही विचारतात. जीएसएम म्हणजे काय, हे मात्र कोणी विचारू नये. दुकानदार चिडतो.

ताडपत्री घरी आली की झाकाझाकी सुरू होते. कूलर झाकतात, गच्चीवरचा झोपाळा झाकतात, बांधकामातून उरलेल्या विटा झाकतात. पाण्याची टाकीसुद्धा झाकतात, म्हणजे पाणी पाण्यापासून वाचवतात. आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाले, त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. तिच्यावर आधी चादर, वर मेणकापड, त्यावर ताडपत्री आणि मग सुतळीच्या अशा गाठी की चोर आलाच तर सोडवता सोडवता त्याला पहाट व्हावी. ती स्कूटर रस्त्यावर धावताना मी कधी पाहिलेली नाही. झाकताना मात्र दर वर्षी पाहतो. त्या वेळी काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते नातवाच्या मुंजीतही दिसलं नव्हतं.

माझं असं निरीक्षण आहे की वस्तू विकत घ्यायला पैसे लागतात आणि वापरायला सवय, पण ती वापरायची नाही अशा दिवसांत तिच्यामागे जीव टाकायला अंगात वेगळाच किडा लागतो. आमच्या मावळच्या माणसात तो उपजत असतो. असणारच. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळेगावपर्यंत येता येता ढग बराचसा रिकामा होतो, तरी उरलेल्यात चपलेला बुरशी, कपाटाला कुबट वास आणि मिठाला पाणी सुटायला काही अडचण येत नाही. पूर्वी गावात कौलं चाळायची, पडवीला झापं बांधायची, गोवऱ्या आणि सरपण माळ्यावर चढवायचं. आता स्लॅबला वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं आणि ते करणारा फोन उचलेना म्हणून वर पुन्हा ताडपत्री टाकायची.

(लोणावळ्याची तऱ्हा मात्र वेगळी. सारा जिल्हा सामान आत घेत असतो तेव्हा ते लोक बाहेर मांडत असतात. भुट्टे, भजी, प्लॅस्टिकचे रेनकोट. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं की त्यांचा हंगाम उघडतो. त्यांना या लेखातून वगळलेलं बरं.)

तर झाकण्याच्या बाबतीत आमचा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. मग माझ्या भाच्यानं होडी घेतली.

भाचा मिनेसोटात असतो. हे अमेरिकेच्या उत्तरेचं, कॅनडाला चिकटलेलं राज्य. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून. हे विनयानं लिहिलेलं आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. आमच्या गावाला एक तळं, त्यावर आम्ही गावाचं नाव ठेवून मोकळे झालो. त्या लोकांनी हा नियम लावला असता तर नावं पुरली नसती. अशा ठिकाणी होडी असणं म्हणजे आपल्याकडे घरात स्कूटर असणं. पण हे माझ्या बहिणीला कोणी समजावायचं? ती फोनवर म्हणाली, "दादा, एवढा इंजिनीअर झाला, आणि शेवटी होडी चालवतोय."

तिला सांगितलं, काळजी करू नकोस, तो होडी फारशी चालवत नाही. हे खरंच होतं. मे महिन्याच्या मध्यावर होडी पाण्यात जाते आणि ऑक्टोबर उजाडला की बाहेर येते. त्यातले शनिवार-रविवार मोजा, त्यातून पावसाचे, पाहुण्यांचे आणि इंजिन सुरू न होण्याचे वजा करा. उरलेले महिने होडी झाकलेली. भाच्याच्या हिशेबात तिच्या पळण्यावर कमी आणि तिच्या झोपण्यावर जास्त खर्च होतो.

पहिल्या वर्षी बहीण तिकडेच होती, त्यामुळे होडीच्या झाकपाकीचं धावतं वर्णन मला व्हिडिओ कॉलवर मिळालं. दुसऱ्या वर्षीपासून भाच्यानं मला स्वतःहून फोन लावायला सुरुवात केली. घरातलं दुसरं कोणी आता ऐकत नाही.

सगळ्याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पाणी गोठलं की फुगतं, सुमारे नऊ टक्क्यांनी. आपण हे शाळेत पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो, कारण तळेगावात पाणी गोठायचं तर फ्रीजमध्ये. तिथे उणे वीस-पंचवीसपर्यंत पारा उतरतो. होडीचं इंजिन थंड राहण्यासाठी तळ्याचंच पाणी आत ओढून घेतं. त्यातलं थोडंसं जरी बिडाच्या इंजिनात साचून राहिलं तरी जानेवारीत ते फुगतं आणि इंजिनाला तडा देतं. हे मुकाट्यानं होतं. समजतं ते मे महिन्यात, होडी पाण्यात उतरवल्यावर, आणि त्या वेळी मेकॅनिकच्या चेहऱ्यावरचं दुःख पाहून बिलाचा आकडा कळतो म्हणे.

म्हणून आधी इंजिनातलं सगळं पाणी काढायचं. मग जिथे पाणी होतं तिथे एक गुलाबी द्राव भरायचा, जो गोठून इंजिनाचं वाटोळं करत नाही. बहिणीनं तो पाहून विचारलं, "हे रोझ सिरप का रे आणलंस एवढं?" मग टाकीत पेट्रोल काठोकाठ भरायचं, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही, आणि त्यात एक औषध घालायचं, कारण पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं तर शिळं होतं. ही माहिती मला नवीन होती. आमच्याकडे पेट्रोल शिळं व्हायच्या आत महाग होतं, तेव्हा ते उरतंच कशाला! मग इंजिनातलं तेल बदलायचं, तेही इंजिन गरम असताना. खाली पंख्याजवळ गिअर असतात, त्यांचंही तेल बदलायचं, कारण त्यात पाण्याचा थेंब शिरला असेल तर तोही जानेवारीत फुगायचा. आणि शेवटी इंजिन चालू ठेवून त्याच्या नाकात एक फवारा मारायचा, म्हणजे आतल्या भागांवर तेलाचा पातळ थर बसतो आणि गंज चढत नाही. या फवाऱ्यानं पांढऱ्या धुराचे असे लोट निघतात की अंगण दिसेनासं होतं. आमच्याकडे असा धूर आला की नगरपरिषदेची डासांची फवारणी आली म्हणून बायका धावत खिडक्या लावतात. तिथे शेजाऱ्यानं नुसता हात हलवला. तोही आपल्या अंगणात धूर काढत होता.

बॅटरी काढून घरात आणायची. बॅटरी घरात उबेत आणि होडी बाहेर, हे बहिणीला पटलं नाही. गाद्या उचलून उभ्या ठेवायच्या. मग उंदरांचा बंदोबस्त. हिवाळ्यात उंदरांना होडीसारखी जागा नाही: वारा लागत नाही, वर छप्पर आहे, कापसाचं सामान आहे आणि मालक मे महिन्यापर्यंत फिरकत नाही. त्यांच्यासाठी डांबराच्या गोळ्या टाकतात. बहिणीला त्या सबंध दिवसात हा एकच पदार्थ ओळखीचा वाटला. तिनं पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हां. हे चांगलंय."

आणि मग कापडाचा मुख्य कार्यक्रम. ताडपत्री नव्हे, आख्ख्या होडीला पांढऱ्या प्लॅस्टिकचा एकसंध ताव पांघरतात आणि गॅसच्या ज्वाळेनं तो शेकत जातात. शेकला की प्लॅस्टिक आक्रसतं आणि होडीच्या अंगाला घट्ट चिकटून बसतं. दमट हवा बाहेर जायला जागोजागी लहान झरोके ठेवतात. पूर्ण झाल्यावर होडी सेलोफेनमधल्या रुखवतासारखी दिसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, प्रत्येक अंगणात, असं एकेक रुखवत.

यानंतर जे होतं ते मला अजून नीट पचलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत तळं गोठतं. चार इंच चांगला बर्फ झाला की माणसानं त्यावरून चालायला हरकत नाही, आणि साधारण फूटभर झाला की मोटार न्यायला हरकत नाही, असं तिथे मानतात. मग भाचा मोटार घेऊन तळ्यावर जातो, मध्यभागी थांबतो, बर्फाला भोक पाडतो आणि स्टुलावर बसून मासे धरतो. म्हणजे होडी अंगणात आणि मोटार तळ्यावर. मी म्हटलं, "अरे, मग होडी घेतलीस कशाला?" तो म्हणाला, "मामा, तू समजून घेत नाहीस. हा वेगळा सीझन आहे."

मला समजत नाही असं नाही. आपल्याकडेही होडी झाकतात, फक्त कारण बरोबर उलटं. त्यांच्याकडे पाणी दगड होतं म्हणून होडी बाहेर काढतात. आपल्याकडे पाणी वेडं होतं म्हणून. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्र खवळलेला असतो. मे संपता संपता हर्णै, श्रीवर्धन, करंजा अशा बंदरांत होड्या वर ओढायला सुरुवात होते. मग तळ घासायचा, चिकटलेले शिंपले खरवडायचे, इंजिन उतरवून नीट करायचं, जाळी पसरून फाटलेलं विणायचं, आणि होडी शाकारायची. पूर्वी माडाच्या झावळ्यांनी शाकारत, आता बहुतेक ठिकाणी तीच निळी ताडपत्री. कोकणातला तांडेल आणि आमचे शेजारचे काका एकमेकांना भेटले तर आणखी कशावर नाही, पण जीएसएमवर तासभर बोलू शकतील.

समुद्र पुन्हा उघडतो तोही दोनदा. सरकारचा समुद्र १ ऑगस्टला उघडतो, कोळ्यांचा नारळी पौर्णिमेला, आणि ती तिथी सरकारला विचारून येत नाही.

हे सगळं काही आजचं नाही. मराठ्यांचं आरमारही पावसाळ्यात घरी असायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर वेगळं प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हा त्यातला भाग भाषणांतून पुष्कळांना ठाऊक झाला आहे. पण त्याच प्रकरणात पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे करावी, कोणत्या किल्ल्याच्या आश्रयाला करावी, याचाही विचार आहे. तो भाग भाषणात कोणी सांगत नाही, कारण झाकण्यावर टाळ्या पडत नाहीत. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली आंग्ऱ्यांची गोदी आजही दिसते. जहाज आत घ्यायचं, डागडुजी करायची. त्या काळी इंग्रजांची झोप उडवणारं हे आरमार चार महिने मात्र तेलपाणी करत बसलेलं असे, हे कळल्यापासून मला आंग्रे फार जवळचे वाटतात.

तसे ते आमच्या जवळ एकदा खरोखरच आले होते. १७१४ मध्ये कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांची बोलणी लोणावळ्याच्या आसपास झाली आणि कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले. घाट चढून दर्यावर्दी माणूस डोंगरात आला. तो फेब्रुवारी महिना होता, म्हणून बरं. जुलैत आला असता तर समुद्रावर कधी भिजला नाही इतका भिजला असता आणि तह पुढच्या वर्षावर गेला असता. पुढे १७१७ मध्ये आमच्या तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद मिळालं. घोडदळाचंही पावसाळ्यात हेच: छावणी, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. म्हणजे आमच्या गावाला झाकून ठेवण्याची परंपरा सेनापतीपासूनची आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "असणारच."

आणि डोंगरात जहाज ही कल्पना कोणाला विनोदी वाटत असेल, तर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झालेली ही नौदलाची संस्था. जहाजांची इंजिनं कशी चालवायची आणि दुरुस्त करायची, याचं शिक्षण इथे मिळतं. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचंच नाव देतात. त्यामुळे कागदोपत्री हे जहाज आहे आणि ते समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर उभं आहे. समुद्र इतका दूर ठेवून समुद्राचं शिक्षण देण्यामागे काहीतरी विचार असणार. माझा अंदाज असा की तिथला पाऊस एकदा काढला की समुद्रात पडूनही माणूस फारसं मनावर घेत नसावा.

भाच्याला मी ही सगळी परंपरा समजावून सांगितली. दोन्हीकडचं वेळापत्रक जुळत नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तो होडी पाण्यात उतरवतो, त्या दिवसांत आम्ही ताडपत्री आणतो. आमचे सेनापती दसऱ्याला बाहेर पडायचे, तेव्हा त्याची होडी आत जाते. यावर बहिणीनं त्या पहिल्या वर्षीच उपाय काढला होता. खंडेनवमीला तिनं पाट मांडला. त्यावर भाच्याचे पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, गवत कापायच्या यंत्राची किल्ली, सुनेचा लॅपटॉप. होडीचं इंजिन पाटावर मावणार नव्हतं, म्हणून अंगणात जाऊन तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि परसातले शेवटचे झेंडू वाहिले. शेजारचा धूरवाला गृहस्थ कुंपणाशी उभा राहून बघत होता. त्यानं भाच्याला हळूच विचारलं, यानं इंजिनाला गंज लागत नाही का? भाचा म्हणाला, आमच्याकडे तसा अनुभव आहे.

आता होडीच्या बुचाची गोष्ट. होडीच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक भोक असतं आणि त्यात पितळी बूच फिरवून बसवलेलं असतं. होडी बाहेर काढली की बूच काढायचं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. मिनेसोटात तर होडी रस्त्यानं नेताना बूच काढलेलं असलंच पाहिजे, असा कायदा आहे. एका तळ्याचे नको ते शिंपले आणि पाणवनस्पती दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. तर बूच काढतात, आणि काढलेलं बूच जपून ठेवतात. सगळं दुःख या जपून ठेवण्यात आहे. गुलाबी द्राव, फवारा, डांबराच्या गोळ्या, शेकलेलं प्लॅस्टिक, सगळं जिथल्या तिथे होतं. मे महिन्यात भाच्यानं प्लॅस्टिक फाडलं, बॅटरी लावली, होडी गाडीच्या मागे जोडली, आणि बूच नाही.

गॅरेज पालथं घातलं. स्क्रूचे डबे, चिल्लर, चाव्यांचा डबा, गाडीच्या सीटखाली. सुनेनं मसाल्याचा डबासुद्धा पाहिला, कारण सासूबाई राहून गेल्या होत्या. शेवटी भाच्यानं इथे फोन लावला. तिकडे सकाळ, इकडे रात्र. बहीण त्या वेळी तळेगावात माझ्याकडेच आली होती आणि आम्ही दोघं गच्चीवरची ताडपत्री दगड ठेवून दाबत होतो.

"आई, होडीचं पितळी बूच बघितलंस का? पाटावर पूजेला ठेवलं होतं बघ, एवढंसं, गोल."

"ते होय. ते देव्हाऱ्यात आहे."

"देव्हाऱ्यात का?"

"अरे, तुझ्याकडचा बाळकृष्ण फार बुटका. निरांजनामागे दिसतच नव्हता. त्याला चौरंग म्हणून ते दिलंय. छान बसलंय, अजिबात डुगडुगत नाही."

फोन हलला, जिना उतरल्याचा आवाज आला, मग देव्हाऱ्याचं दार उघडल्याचा. बाळकृष्ण सहा-सात महिने होडीच्या बुचावर बसलेला होता आणि सून रोज त्याला फूल वाहत होती.

"सापडलं," भाचा म्हणाला. "काढू का?"

"काढू नकोस," बहीण म्हणाली. "होडीला नवीन आण."